वीस वर्षांची वर्गणी : डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत सभासद होण्याचे दोन मार्ग स्थापनेपासून होते. पहिला देणगीदारांचा. मोठी रक्कम देणारा आश्रयदाता होई, त्याहून कमी देणाऱ्याला ‘फेलो’ म्हणत. दुसरा मार्ग शिक्षकांचा. संस्थेच्या शाळा-कॉलेजात किमान २० वर्षे ठरावीक वेतनावर शिकवीन, असे वचन देणारा शिक्षक आजीव सदस्य होई. त्याच्याकडून पैशाची वर्गणी घेतली जात नसे. बाहेर मिळू शकणारा पगार आणि संस्थेत मिळणारा पगार यांतला फरक हीच त्याची वर्गणी, आणि ती दरमहा २० वर्षे भरायची असे. महाराष्ट्रातल्या खासगी शिक्षणसंस्थांची घडण समजून घ्यायची तर ही व्यवस्था पाहावी लागते.

या व्यवस्थेचे मूळ न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात ही शाळा सुरू झाली. बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी आरंभापासून त्यांच्याबरोबर होते. वामन शिवराम आपटे लवकरच आले आणि एम. ए. होताच गोपाळ गणेश आगरकरही येऊन मिळाले. सरकारी खात्यात सहज जागा मिळाली असती अशा या पदवीधरांनी जेमतेम घर चालेल एवढ्या पैशावर शिकवायला सुरुवात केली. त्याला लेखी करार नव्हता, परस्परांवरचा विश्वास एवढाच आधार होता. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर वारले. त्यानंतर कॉलेज काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा विश्वासाच्या जोडीला घटना लागणार हे उघड झाले. संस्थानिकांकडून देणग्या घ्यायच्या, जागा आणि इमारती उभ्या करायच्या, तर हे सारे कायद्याने कोणाच्या तरी नावावर असायला हवे होते. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी तिचे फर्ग्युसन कॉलेज उघडले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजला दिले गेले. पहिले प्राचार्य आपटे होते.

संस्थेची नोंदणी १८६० च्या एकविसाव्या कायद्याखाली झाली. आजही देशभर हजारो संस्था या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. सात किंवा अधिक माणसे एकत्र येऊन अशी संस्था काढू शकतात. सभासद कोणाला म्हणावे, हेही कायदा सांगतो. नियमांप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला, आणि राजीनामा न दिलेला तो सभासद. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल त्याला मत देता येत नाही आणि सभासदांत त्याची गणनाही होत नाही. म्हणजे वर्गणी ही मताधिकाराची अट झाली. सभासदांचे वर्ग किती असावेत आणि कोणाकडून काय घ्यावे, हे मात्र कायद्याने ज्या त्या संस्थेच्या नियमांवर सोडले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने या मोकळिकीचा उपयोग करून घेतला.

पहिल्या आजीव सदस्यांत टिळक, आगरकर, आपटे आणि नामजोशी यांच्याबरोबर वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि धारप यांची नावे आहेत. दैनंदिन कारभार आजीव सदस्यांच्या मंडळाकडे असे. शिक्षकांच्या नेमणुका, वर्गांची वाटणी, पैशाचा विनियोग हे सारे तेच ठरवत. देणगीदारांचे प्रतिनिधी आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांच्यासारखी प्रतिष्ठित माणसे वरच्या नियामक मंडळावर असत. अशी विभागणी केल्यामुळे पैसा देणाऱ्याला मान मिळाला, देखरेखीचा हक्क मिळाला, पण शाळा चालवण्याचा अधिकार शिकवणाऱ्याच्याच हातात राहिला. त्या काळात बहुतेक शाळा एक तर सरकारच्या असत, नाही तर मिशनऱ्यांच्या किंवा एखाद्या धनिकाच्या. शिक्षकच चालक असलेली संस्था ही नवी गोष्ट होती.

आजीव सदस्याचे वेतन दरमहा ७५ रुपये ठरले. शाळेत शिकवणारा आणि कॉलेजात शिकवणारा, दोघांना ते सारखेच. प्राध्यापक मोठा आणि मास्तर लहान असा भेद त्यात नव्हता. संस्था प्रत्येक सदस्याचा ३,००० रुपयांचा आयुर्विमाही उतरवी. या विम्यामागे व्यवहाराचा नेमका विचार होता. एवढ्या पगारात शिल्लक पडणे अवघड, आणि सदस्य मुदत पुरी होण्याआधी गेला तर त्याच्या बायकामुलांना आधार हवा. आगरकर १८९५ मध्ये प्राचार्यपदावर असतानाच, चाळिशीही न गाठता वारले, यावरून या तरतुदीची गरज कळते.

या अटींवर संस्थेत आलेल्या माणसांची यादी लक्षणीय आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८८६ मध्ये, विशीत असताना, आजीव सदस्य झाले. पुढे संस्थेचे चिटणीस म्हणून इमारतीसाठी वर्गण्या गोळा करत ते गावोगाव हिंडले. धोंडो केशव कर्वे मुंबईतल्या शिकवण्या सोडून १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले आणि १९१४ पर्यंत राहिले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. सरकारी खात्यातली मोठी जागा त्यांना सहज मिळाली असती, पण संस्थेला दिलेल्या शब्दाप्रमाणे ते ७५ रुपयांवर परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले.

वेतन ठरले, मुदत ठरली, तरी एक प्रश्न नियमांत उघडाच राहिला. सदस्याने संस्थेला द्यायचे ते वर्गातले तास, की सगळा वेळ? १८८६ नंतर या प्रश्नावर मंडळात तट पडले. जेझुइट पाद्र्यांप्रमाणे आजीव सदस्याने निर्वाहापुरतेच घ्यावे, सारी शक्ती संस्थेला द्यावी आणि बाहेरून जे मिळेल तेही संस्थेत जमा करावे, अशी टिळकांची भूमिका होती. आगरकर आणि इतर काहींचे म्हणणे निराळे होते. नेमून दिलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ सदस्याचा स्वतःचा, त्यात तो पुस्तके लिहील किंवा सार्वजनिक काम करील, आणि संसार वाढला तर वेतनवाढ मागण्यातही गैर काही नाही. १८९० मध्ये गोखल्यांनी पुणे सार्वजनिक सभा या बाहेरच्या संस्थेचे चिटणीसपद घेतले तेव्हा वाद टोकाला गेला. बहुमत टिळकांच्या बाजूने नव्हते. त्यांनी राजीनामा दिला आणि आपली बाजू सविस्तर लिहून मंडळापुढे ठेवली.

या वादाचा पुढचा अध्याय १९०५ मध्ये दिसतो. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत. समाज माझ्या आणि माझ्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसे मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, ही त्यांतली एक. टिळकांनी मंडळात धरलेला आग्रह पंधरा वर्षांनी त्यांच्या प्रतिपक्षाच्या संस्थेत नियम म्हणून आला. पूर्णवेळ सेवेची अट आधीच स्पष्ट लिहिलेली असावी, हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या अनुभवाने शिकवले होते.

आजीव सदस्यत्वाची पद्धत शिक्षणक्षेत्रातही पसरली. १८८८ मध्ये पुण्यात निघालेल्या शिक्षण प्रसारक मंडळीने आणि १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेनेही आजीव सदस्य घेतले. लाला लजपतराय यांनी १९२१ मध्ये लाहोरला लोक सेवक मंडळ काढले, तेव्हा त्याच्या आजीव सदस्यालाही किमान २० वर्षे सेवेचे वचन द्यावे लागे. स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटी याच बळावर पुण्याबाहेर पडली आणि १९१९ मध्ये तिने सांगलीला विलिंग्डन कॉलेज सुरू केले.

स्वातंत्र्यानंतर अनुदानित शाळा-कॉलेजांतले पगार शासनाच्या वेतनश्रेणीने ठरू लागले. त्यामुळे आजीव सदस्य आणि नोकरी म्हणून शिकवणारा शिक्षक यांच्या मिळकतीतले अंतर मिटले, आणि पगारातला त्याग ही सदस्यत्वाची किंमत उरली नाही. शिक्षकाला न्याय्य वेतन मिळाले ही चांगलीच गोष्ट झाली. मूळ रचनेतला दुसरा भाग मात्र वेतनावर अवलंबून नव्हता. संस्थेचा निर्णय वर्गात उभा राहणाऱ्याने घ्यावा आणि त्या अधिकाराची किंमत दीर्घ सेवेने चुकवावी, हा तो भाग. आजीव सदस्य हा वर्ग ज्या संस्थांच्या घटनेत आहे, तिथे त्याचे प्रयोजन आता एवढेच, आणि ते आजही पुरेसे आहे.