आरशानें वळविलेला लेसर-किरण व शेतांतील तण

कोळप्यानें दोन ओळींमधील तण निघतें. परंतु कांदा, गाजर यांसारख्या दाट पेरलेल्या पिकांत रोपाच्या अगदीं कुशींत उगवलेलें तण खुरपें हातीं घेऊन, बसूनच काढावें लागतें. या निंदणीचा खर्च, व मजुरांची वाट पाहण्यांत फुकट जाणारे दिवस, यांचा अनुभव नाहीं असा बागाईतदार विरळा. अमेरिकेंतील भाजीपाल्याच्या मोठ्या मळेवाल्यांसही हीच अडचण आहे, आणि तिच्यावर तेथें एक नवा उपाय योजिला जात आहे. ट्रॅक्टरमागें जोडलेलें यंत्र ओळींवरून हळूहळू ओढलें जातें. त्यांतील कॅमेरे खालचीं रोपें पाहतात, संगणक पीक कोणतें व तण कोणतें हें ठरवितो, आणि लेसर नांवाचा प्रखर किरण पडून तण जागच्या जागीं करपतें. सिॲटल येथील कार्बन रोबॉटिक्स कंपनीनें सन २०२२ मध्यें पुढें आणलेल्या अशा यंत्रांत १५० वॅट शक्तीचे ३० लेसर बसविलेले होते.

हें वर्णन ऐकून बहुतेकांचें लक्ष किरणाकडे जातें. आमच्या मतें खरें नवल किरणाचें नव्हे. त्याला नेमक्या जागीं वळविणाऱ्या आरशाचें आहे. तेव्हां किरणाविषयीं थोडक्यांत सांगून आरशाकडे वळूं.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनीं सन १९६० मध्यें कॅलिफोर्नियांत माणकाच्या कांडीपासून सिद्ध केला. तण जाळण्यास बहुधा वापरतात तो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर असून, तो सन १९६४ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुमार पटेल यांनीं शोधून काढला. हे गृहस्थ बारामतीस जन्मलेले, व त्यांचें शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत झालेलें. हा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. पाणी त्याला फार त्वरेनें शोषून घेतें, आणि कोवळें तण म्हणजे बहुतांशीं पाणीच. त्यामुळें किरण पडतांच पेशींतील पाणी उकळतें व पेशी फुटतात.

आतां प्रश्न असा कीं, सरळ रेषेंत जाणारा हा किरण तणाच्या डोक्यावर न्यावयाचा कसा? लेसरची नळीच वळवावी म्हटलें तर ती जड. तिला थंड ठेवण्याची सोयही बरोबर वागवावी लागते. ती हलवून स्थिर करीपर्यंत तण मागें राहील. म्हणून नळी एका जागीं घट्ट बसवून तिच्या वाटेंत एक लहानसा हलका आरसा ठेवतात. उन्हांत आरसा धरून भिंतीवर कवडसा नाचविण्याचा खेळ लहानपणीं कोणीं केला नाहीं? मनगट किंचित् वळलें तरी कवडसा या कोपऱ्यांतून त्या कोपऱ्यांत उडी घेतो. याचें कारण, आरसा जितका वळेल त्याच्या दुप्पट कोनांत परावर्तित किरण वळतो. या गुणाचा उपयोग लॉर्ड केल्व्हिन यांनीं सन १८५८ मध्येंच करून घेतला होता. अटलांटिक महासागराच्या तळाशीं टाकलेल्या तारेंतून येणारा विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह ओळखण्यासाठीं त्यांनीं चिमुकल्या आरशाच्या पाठीस चुंबक चिकटवून तो तारेच्या वेटोळ्यांत टांगला. प्रवाह आला कीं आरसा वळे, व त्याचा कवडसा समोरच्या पट्टीवर सरके. या यंत्रास गॅल्व्हॉनोमीटर म्हणतात. आज लेसर वळविणाऱ्या आरशाच्या मोटरीसही तेंच नांव चालू आहे, व तिचें मूळ तत्त्वही तेंच आहे: वेटोळ्यांत प्रवाह सोडला कीं चुंबक लावलेला दांडा थोडासा वळतो, आणि त्याच्या टोकाचा आरसा त्याबरोबर फिरतो. एक आरसा किरणास डावीकडे-उजवीकडे नेतो. दुसरा, त्याच्याशीं काटकोनांत बसविलेला, पुढें-मागें. या दोहोंच्या योगें खालच्या पट्ट्यांतील कोणताही बिंदु गांठतां येतो.

परंतु नुसता प्रवाह सोडून भागत नाहीं. नवख्या माणसाच्या हातीं तिफणीचे बैल दिले म्हणजे काय होतें तें पाहावें. तास डावीकडे गेलें कीं तो कासरा जोरानें उजवीकडे ओढतो. बैल उजवीकडे प्रमाणाबाहेर जातात. मग पुन्हां डावीकडे. सारी पेरणी नागमोडी! आरशाचेंही तसेंच आहे. त्याला वळण्याची आज्ञा झाली कीं तो हव्या त्या कोनाच्या पुढें जाऊन मागें-पुढें डोलूं लागतो. यासाठीं दांड्यावर त्याचा कोन मोजणारें एक साधन बसवितात. विजेचें नियंत्रक मंडल सेकंदांत हजारों वेळां ‘कोठें असावयास हवा’ व ‘कोठें आहे’ यांची तुलना करून प्रवाह कमी-अधिक करतें, आणि मुरलेला औत्या जसा बैल वळूं लागतांच कासरा सैल सोडतो, तसा आरसा ठिकाणीं पोहोंचण्यापूर्वींच त्याचा वेग आवरतें.

या कामास केवढी अचूकता लागते याचा हिशेब करून पाहावा. आरसा जमिनीपासून एक मीटर उंचीवर आहे व किरण सरळ खालीं पडत आहे असें समजूं. आरसा एक अंश वळला तर किरण दोन अंश वळून जमिनीवर सुमारें ३५ मिलिमीटर सरकेल. म्हणजे एका मिलिमीटराची चूकही नको असेल तर आरशाचा कोन अंशाच्या पस्तिसाव्या हिश्शापर्यंत बरोबर हवा. त्यांतच ट्रॅक्टर चालत असतो. तासास १.६ किलोमीटर ही गति संथच म्हणावयाची. तरी एका सेकंदाच्या दहाव्या भागांत यंत्र साडेचार सेंटिमीटर पुढें जातें. तेव्हां नेम धरून थांबणें पुरेसें नाहीं. किरण चालू असेपर्यंत आरशानें तणाचा पाठलागही केला पाहिजे. नेम धरावयाचा तो तणाच्या वाढीच्या शेंड्यावर, दोन बीजदलांच्या मधोमध. तो चुकून पान तेवढें जळलें तर तण पुन्हां फुटतें, आणि फार चुकला तर शेजारचें कांद्याचें रोप जातें.

आरसाही घरांतल्यासारखा चालत नाहीं. आपल्या आरशांत चकाकी कांचेच्या पाठीस असते. हा किरण ती कांचच शोषून घेईल व तडकेल. म्हणून सोनें, चांदी यांसारख्या धातूचा मुलामा वरच्या अंगास द्यावा लागतो. त्यावर धूळ बसूं देतां कामा नये, कारण धुळीचा कण किरणानें तापून मुलाम्यास डाग पडतो. शेतांत धूळ नको म्हणणें किती अवघड आहे हें वाचकांस सांगावयास नको! डोळ्यांसही हा किरण घातक असल्यानें सर्व यंत्र झांकलेलें ठेवतात.

हें सर्व साधलें तरी उपाय सर्व तणांस सारखा लागू पडत नाहीं, व यंत्राची किंमत पाहतां तें मोठ्या मळ्यांसच परवडणारें आहे. रुंद पानांचें, नुकतेंच दोन पानांवर आलेलें तण क्षणांत मरतें. तें मोठें झालें कीं किरण अधिक वेळ धरावा लागतो व ट्रॅक्टर आणखी हळू हांकावा लागतो. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा तिच्या खालीं दडलेला असल्यानें त्यावर नेम बसणें कठीण जातें. आपल्याकडील हरळी व लव्हाळा यांचा जीव तर मातींतल्या कांड्यांत आणि गांठींत असतो. वरचीं पानें करपलीं तरी कांहीं दिवसांनीं नवे कोंब वर येतात, आणि त्या गांठींपर्यंत हा किरण पोहोंचत नाहीं.