बिनआवाजाची करवत

मी बँकेतून निवृत्त झालो ३१ मे २०२० रोजी. टाळेबंदी चालू होती, त्यामुळे निरोप समारंभ फोनवरच उरकला. शाल आणि नारळ पुढे सहा महिन्यांनी हातात पडले. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या केल्या. आमचे घर केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. पुण्याहून निघायचा पास मिळून गावी पोचेपर्यंत जूनचा तिसरा आठवडा उजाडला. वाडीत शिरायला वाट नव्हती. वडिलांनी लावलेल्या पोफळी एकीवर एक पडल्या होत्या, माड मुळांसकट उलथले होते आणि परसातला जुना आंबा पडवीवर येऊन विसावला होता.

त्या पावसाळ्यात गावात एकच आवाज होता, पेट्रोलवरच्या कटरचा. वीज नव्हती, फोन धड लागत नव्हते आणि पंचक्रोशीत कटर चालवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. कर्जमंजुरीसाठी लोक माझ्या केबिनबाहेर ज्या चेहऱ्याने बसत, त्याच चेहऱ्याने मी एका कटरवाल्याच्या पडवीत दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी तो आला आणि आमचा आंबा चार तासांत त्याने पडवीवरून उतरवला. वडिलांच्या वेळी याच कामाला चार गडी आणि आठवडा लागला असता.

पुढे आम्ही उभयता निम्मे वर्ष गावी राहू लागलो. वाडी पुन्हा लावायची होती. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षे जातात, म्हणजे हिशेब माझ्या सत्तरीपर्यंतचा, पण लावली. अडचण होती ती रोजच्या कामांची. आमच्याकडे पूर्वापार तात्या यायचे. कवळ तोडणे, मेंदी छाटणे, लाकडे फोडणे ही सगळी त्यांची कामे. त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा मुंबईला गेला. कटरवाल्याला एका फांदीसाठी बोलावले तर त्याचे पेट्रोल सुटत नाही, आणि कोयती घेऊन झाडावर चढायचे माझे वय नाही. अशी दोन वर्षे गेली. मग २०२२ साली मुलाने न विचारता एक खोके घरपोच पाठवले. आत बॅटरीवर चालणारी छोटी साखळी-करवत होती. ८ इंचांचे पाते, दोन बॅटऱ्या, एक चार्जर आणि जोडायला लांब दांडा.

खोक्यावर ४८ हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता आणि पुढे 'व्ही' आणि 'एफ' अशी दोन अक्षरे. व्ही म्हणजे व्होल्ट, हे आम्हालाही कळते; एफ म्हणजे काय, ते माहितीपत्रकात कुठेच नव्हते. बँकेतली सवय म्हणून मी खोलात शिरलो. बॅटरीत पाच सेल. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचा १८. सेल गच्च भरलेला असताना ४.२ पर्यंत जातो, म्हणजे फार तर २१. अट्ठेचाळीस कुठून आले? कंपन्यांच्या ताळेबंदात अधिकृत भांडवल एक असते आणि प्रत्यक्ष भरणा झालेले दुसरे; अनुभवी अधिकारी पहिल्याकडे बघतही नाही. यंत्र घेणाऱ्यांनी तेच करावे. व्होल्टला अ‍ॅम्पिअर-तासांनी गुणावे, येईल ते खरे भांडवल. माझ्या बॅटरीचे १८ गुणिले ४, म्हणजे ७२ वॅट-तास. विजेचे एक युनिट १००० वॅट-तासांचे, तेव्हा चार्जरमधली गळती धरूनही एका युनिटात ही बॅटरी दहा वेळा सहज भरते. मनगटाएवढ्या पाचपंचवीस फांद्या तोडायला लागणारी वीज एका रुपयाच्या आसपास.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९००० वॅट-तासांची ऊर्जा असते, म्हणजे अशा सव्वाशे बॅटऱ्या. छोटे इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेच्या रूपाने उधळते, तरी उरते ती खूप असते. वादळात पडलेला आंबा माझ्या करवतीने कापायला घेतला असता तर दोन्ही बॅटऱ्या तासाभरात आटोपल्या असत्या आणि भरायला वीज कुठे होती? जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज, नेमकी तेव्हाच ती निरुपयोगी. बॅटरीची अवजारे ही शांततेच्या काळातली अवजारे आहेत, हे घेणाऱ्याने आधीच ओळखावे.

या करवतीचा इतिहासही मोठा गमतीदार आहे. साखळीला दाते बसवून कापण्याची युक्ती प्रथम काढली ती लाकूडतोड्यांनी नव्हे, शल्यविशारदांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी अडलेल्या बाळंतिणीची सुटका करण्यासाठी हाताने ओढायची एक बारीक साखळी-करवत वापरली. लाकडासाठी आंद्रेआस श्टील या जर्मन अभियंत्याने १९२६ मध्ये केली ती विजेवर चालणारी होती. पेट्रोलची नंतर आली. म्हणजे आपण वायरीचा वळसा घालून पुन्हा विजेकडेच आलो. साखळीच्या आजच्या दातांचे श्रेय मात्र एका अळीला आहे. जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ मध्ये ओंडका पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. तिचे जबडे डावीउजवीकडे चालत आणि लाकडाची शीर उभी असो की आडवी, तिला फरक पडत नसे. त्याने तसेच दाते बनवले. बॅटरीच्या बाबतीत मला भावते ते एवढेच, की लिथियम बॅटरीसाठी २०१९ चे नोबेल मिळाले तेव्हा त्यातले एक मानकरी जॉन गुडइनफ ९७ वर्षांचे होते. साठीनंतर यंत्र शिकायला बसलेल्या माणसाला त्याचा आधार वाटतो.

शिकावे मात्र लागते. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे नाही म्हणून साखळीलाही तेल नको, अशी माझी पहिली समजूत. दोन दिवसांत पाते तापून निळसर झाले. साखळीला तेल लागतेच. ती जमिनीला टेकली तर वाळूने दाते एका मिनिटात बोथट होतात. साखळी घट्ट करताना आधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची. पेट्रोलचे यंत्र बंद आहे हे कानाला कळते, बॅटरीचे यंत्र नुसते निजलेले असते आणि बोटाच्या स्पर्शाने जागे होते. सर्वांत धोका पात्याच्या टोकाच्या वरच्या कोपऱ्याला. तो कशाला टेकला की करवत उसळून थेट तोंडाकडे येते. मोठ्या करवतींना अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक असतो. असल्या छोट्यांना पुष्कळदा नसतो. मी शिडीवर उभा राहून आंब्याची वाळकी डहाळी काढत होतो. मागच्या फांदीला टोक लागले. करवत उसळली, माझ्या सदऱ्याची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उभी फाटली आणि कातडीला ओरखडासुद्धा आला नाही. सौभाग्यवतीने ती बाही शिवली नाही. तो सदरा अवजारांच्या खुंटीवर टांगला आणि शिडी बंबखान्यात ठेवून कुलूप घातले. तेव्हापासून दोन्ही पाय जमिनीवर असल्याशिवाय करवत सुरू होत नाही; उंचावरचे काम लांब दांड्याने.

तिच्याबद्दल आणखी एक सांगतो. पेट्रोलचा ग्रासकटर आमच्याकडे पूर्वीही होता, पण त्याची दोरी ओढणे तिच्या खांद्याला जमत नसे. मेंदी वाढली, केळीचा खुंट काढायचा झाला, की तिला माझी नाहीतर तात्यांची वाट पाहावी लागे. आता ती उठते आणि काम करून मोकळी होते. चाळीस वर्षे आपण किती वेळा 'उद्या बघू' म्हटले, हे मला या यंत्राने दाखवले.

आणि इथेच घोटाळा झाला. काम इतके सोपे झाले की आम्ही कामे शोधू लागलो. जास्वंद छाटली, करवंदीची जाळी काढली, गडग्यावरची रायआवळी जरा वाकडी दिसली म्हणून तिला सरळ केले. पहिल्या वर्षात आम्ही जे तोडले त्यातले निम्मे तोडायला नको होते, हे आज कबूल करतो. कुऱ्हाडीच्या चौथ्या घावाला माणूस घाम पुसायला थांबतो आणि थांबला की वर बघतो. करवतीला चौथा घाव नाही.

आमच्या आणि काकूच्या घराच्या मध्ये फणस आहे. त्याची दंडाएवढी एक फांदी आमच्या कौलांवर आली होती. तिच्यावरून वानरे छपरावर उतरत आणि दर वर्षी पंचवीसेक कौले फुटत. २०२३ च्या मे महिन्यात, एका दुपारी, मी लांब दांडा लावून फांदी टोकाकडून तुकड्यातुकड्याने उतरवली. आधी खालून थोडा छेद, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. अगदी पुस्तकातल्यासारखे काम झाले. चिकाने साखळी भरली तेवढाच काय तो त्रास. पाऊण तासात वानरांचा रस्ता बंद.

काकूचे वय ऐंशीच्या पुढे. दुपारी ती पंखा लावून पडते. चार वाजता चहाचा कप घेऊन ती आपल्या खळ्यातल्या नेहमीच्या जागी येऊन बसली आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाली, ''इथे ऊन कुठून आलं रे?''

मी उत्तर दिले नाही. ती वर बघत राहिली. मग म्हणाली, ''दादाला तूच सांग. मी नाही सांगणार.''

दादा म्हणजे तिचा थोरला मुलगा, रेल्वेतून निवृत्त होऊन डोंबिवलीला असतो. वाडीचा सातबारा सामाईक, त्यावर ११ नावे. फणस आणि आंबा यांसारखी झाडे आपल्या जमिनीतली असली तरी १९६४ च्या कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे मला तोंडपाठ होते. सरकारची परवानगी झाडाला लागते, फांदीला कोण विचारतो, असा माझा पोटातला हिशेब. बाकीची दहा नावे माझ्या डोक्यात आलीच नव्हती. संध्याकाळी फोन केला.

''फांदीच तोडली, दादा. झाड नाही.''

दादा थोडा वेळ बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, ''चौघांच्या खात्यातून एकाच्या सहीवर तू कधी पैसे दिलेस का रे? आणि मी शंभरच काढले, असं तो म्हणाला असता तर?''

३६ वर्षांच्या नोकरीत ऑडिटरने मला इतके नेमके धरले नव्हते.

पूर्वी हे झालेच नसते, आणि ते आम्ही गुणी होतो म्हणून नव्हे. तात्यांना निरोप गेला की ते दोन दिवसांनी येत. आधी काकूकडे पाणी पीत, कुठली फांदी ते तिलाही विचारत, मग झाडाला हात लावत. कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला की तीन घरांतून माणसे बाहेर येत. ''काय तोडताय?'' पेट्रोलच्या कटरचा आवाज तर १०० डेसिबलच्या वर. तो अख्ख्या वाडीला नोटीस बजावतो. माझी करवत फार तर मिक्सरइतकी ओरडते. पंख्याखाली निजलेल्या बाईला तीही ऐकू येत नाही. बिनआवाजाची म्हणून मी तिचे कौतुक पुण्यातल्या सगळ्या मित्रांना सांगितले होते.

दादा पुढच्या रविवारी आला. फणसाखाली उभा राहून त्याने वर पाहिले, तुटलेल्या जागेवरून हात फिरवला, काही बोलला नाही. जेवणानंतर त्याने करवत मागितली, उलटसुलट करून पाहिली, बॅटरी काढली, घातली आणि किती वेळ चालते ते विचारले. निघताना काकूनेच विषय काढला. वादळानंतर दादाने तिच्याकडे इन्व्हर्टर बसवला आहे; आमच्याकडे वीज जाते तेव्हा चार्जिंग अर्धवट राहते. ''त्या बॅटऱ्या माझ्याकडे ठेव,'' ती म्हणाली. ''भरून ठेवीन.''

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. तेव्हापासून करवत आमच्या खुंटीवर आणि बॅटऱ्या काकूच्या फडताळात. बॅटरीच्या दृष्टीनेही ते बरेच झाले. आमच्या पडवीत तिला ऊन लागे, आणि काम करून तापलेली बॅटरी मी तशीच चार्जरला लावत असे, दोन्ही वाईट. काकू ती निवू देते. फार दिवस वापरायची नसेल तर पूर्ण भरून ठेवू नये, अर्धी ठेवावी, हेही मी तिला एकदाच सांगितले होते. यातली एक बॅटरी पुढेमागे मरेल. ती परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे खरी, पण खोक्यावरच्या पत्त्याला मी दोनदा पत्र घालून पाहिले आहे. उत्तर नाही.

परवा मेंदी छाटायची म्हणून मी काकूच्या दारात गेलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, ''काय तोडतोयस?''

मेंदी म्हटले. गडग्याच्या आतली की बाहेरची, ते विचारले. आतली म्हटले. मग उठली, फडताळ उघडले आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

''अर्धीच भरल्येय,'' म्हणाली. ''मेंदीला पुरेल.''