आधीं वाजलेला बँड

राहात्यास एका मराठा स्नेह्यांच्या घरीं १९१४-१८ च्या महायुद्धाच्या वेळची तसबीर आम्हीं पाहिली. बाजारांत लष्करी बँड वाजत आहे, बाजूस टेबलाशीं भरती चालली आहे. रांगेंतील तिसरा तरुण त्याच घरचा. पण त्याचें नांव कोणासच सांगतां येईना!

आपल्याकडे पराक्रम आधीं, पोवाडा मागून. येथें वाद्यें आधींच वाजलीं. त्याच युद्धांत मेसापोटेमियांतील कूत येथें १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यांत सांपडल्या. जवळजवळ पांच महिने उपासमार सोसून, २९ एप्रिल १९१६ रोजीं त्यांस शस्त्रें ठेवावीं लागलीं. पुढें बंदिवासांत कित्येक शिपाई मेले. त्यांच्यासाठीं कोणता बँड वाजला?

वाचकहो, घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून जुन्या तसबिरींच्या पाठीमागें नांवें आजच लिहून ठेवा.