शेक देणाऱ्या डॉक्टर

कॅन्सरच्या किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. त्या शब्दानंच बाया घाबरतात, अंग भाजेल म्हणून. मशीनखाली काही मिनिटंच पडून राहायचं असतं, तेव्हा दुखत नाही. पुढं कातडी काळवंडते, थकवा येतो, ते डॉक्टरांना सांगायचं. बाहेरून शेक घेऊन घरी आल्यावर नातवाला खुशाल मांडीवर घ्या. किरण मशीनबरोबरच बंद होतात.

हा उपचार ठरवणारे डॉक्टर वेगळे. ते चिरफाड करत नाहीत. किती किरण, कोणत्या बाजूनं, किती दिवस, हा हिशेब ते फिजिसिस्टला सोबत घेऊन मांडतात. गाठ मरावी, शेजारचं मूत्राशय वाचावं. त्यासाठीच अंगावर खुणा करतात, त्या घासून धुवायच्या नाहीत.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातल्या डॉ. केतायुन दिनशॉ याच शाखेच्या. १९७४ला रुजू झाल्या, १९९५ला संचालक झाल्या, २००१ला पद्मश्री मिळाली. २०११ला त्या गेल्या, तेही कॅन्सरनंच.

पोरीला हे शिकायचं तर बारावी सायन्स, नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी. लांबचा पल्ला आहे, पण रात्री-अपरात्रीची ऑपरेशनं नाहीत.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला बहुधा पाच-सहा आठवडे रोज जावं लागतं, शनिवार-रविवारची सुट्टी. कापूस वेचायला म्हणून मधेच येऊ नका. खंड पडला की गाठ पुन्हा वाढायला लागते. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा फुले योजनेत किरणोपचार बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या.