शब्दांवरून स्वभाव कसा ओळखावा?

परीक्षेंत 'आईचें स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न आला, कीं 'ती प्रेमळ, कष्टाळू व सहनशील होती' असें ठरीव उत्तर लिहून बहुतेक मुलें मोकळीं होतात. हीं विशेषणें खोटीं नसतात. परंतु तीं कोणत्याहि आईस लागू पडतात. लेखकानें मात्र एकच आई रंगविलेली असते, व ती त्याच्या शब्दांतच शोधावी लागते.

'श्यामची आई' हें पुस्तक घ्या. साने गुरुजी आपल्या खानदेशांत, अमळनेरास, १९३० पर्यंत शिक्षक होते. पुस्तक त्यांनीं १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. स्नान झाल्यावर ओल्या तळव्यांस माती लागूं नये म्हणून आईनें आपलें लुगडें धोंड्यावर पसरावें, असा हट्ट लहानगा श्याम धरतो. आई तें पसरते, आणि मग, पायांस जपतोस तसेंच मनासहि जप, अशा अर्थाचें बोलते. येथें क्रम पाहा. हट्ट आधीं पुरविला, बोध मागाहून आला. आणि तोहि समोरच्या ओल्या पायांवरूनच काढलेला, पोथींतून आणलेला नव्हे. गुरुजी मधून मधून आईची स्तुतिहि करतात. परंतु आमच्या मतें त्या स्तुतीहून हें ओलें लुगडेंच अधिक बोलतें.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरींत रीत निराळी आहे. खानदेशांतील खेड्यांतून पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग सांगवीकर आपली कथा स्वतःच सांगतो, आणि 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' हे शब्द नको तेथें पेरीत जातो. आमच्यासारख्या मास्तरांनीं ते तांबड्या शाईनें खोडलेच असते! पण जो स्वतःच्या वयापूर्वींहि 'उदाहरणार्थ' घालतो, त्यास स्वतःविषयींहि खात्री उरलेली नाहीं, हें वाचकास न सांगतां कळतें. 'वगैरे' म्हणून तो वाक्य अर्ध्यावर सोडतो. पुढें बोलण्यांत अर्थ नाहीं, असें त्यास वाटतें. 'तो उदास होता' असें लिहिण्याचें कारणच राहत नाहीं.

नशिराबादेच्या वर्गांत एक प्रयोग करून पाहावा. अवकाळी पावसांत कापसाची गाडी भिजली, असें फळ्यावर लिहावें. एक विचारतो, 'किती मण भिजला?' दुसरी विचारते, 'गाडीवान कोठें आहे?' तिसरा म्हणतो, 'मीं आधींच सांगितलें होतें.' हीं माणसें कोण असतील, तें मुलांनीं विशेषण न वापरतां सांगावें; मग चौथें माणूस आपल्या मनानें घालावें. कोणा मुलानें 'चौथा कांहींच न बोलतां बैल सोडूं लागला' असें लिहिलें, तर त्यास पूर्ण गुण द्यावे.