विश्लेषण : जिंकण्यासाठी आधी हरायचे? ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघांची ‘पुनर्बांधणी’ कशी होते?

चार वर्षांत तीन अजिंक्यपदे जिंकणारा रिचमंड क्लब २०२४ मध्ये तळाला गेला आणि हंगाम संपताच त्याचे चार प्रमुख खेळाडू दुसरीकडे गेले. क्लबने त्या बदल्यात अठरा वर्षांची मुले निवडली. ऑस्ट्रेलियात याला ‘रीबिल्ड’ म्हणतात. काही क्लब त्यातून तीन वर्षांत वर येतात, काही पाच-सहा वर्षे तळातच राहतात. असे का होते?

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटले, की आपल्याला बॉक्सिंग डे कसोटी आठवते. नाही तर २०२२ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात विराट कोहलीने पाकिस्तानच्या हातून काढून घेतलेला सामना. मेलबर्नकरांसाठी मात्र मार्च ते सप्टेंबर हे मैदान ‘फुटी’चे असते. लंबगोल चेंडू, प्रत्येकी १८ खेळाडू, हाताने आणि पायाने दोन्हीही खेळता येणारा हा खेळ १८५०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग सैल सोडू नये म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूनेच त्यासाठी आग्रह धरला होता. आज ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे ‘एएफएल’मध्ये, १८ क्लब आहेत आणि सप्टेंबरअखेरचा अंतिम सामना पाहायला याच मैदानावर लाखभर लोक जमतात.

मात्र क्लबचे पुढच्या पाच वर्षांचे भवितव्य ठरते ते त्यानंतरच्या दोन महिन्यांत, मैदान रिकामे असताना.

रिचमंडवर ही वेळ का आली?

रिचमंडने २०१७ मध्ये ३७ वर्षांचा दुष्काळ संपवला. मग २०१९ आणि २०२० मध्येही बाजी मारली. डस्टिन मार्टिन हा या तिन्ही अंतिम सामन्यांचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण जिंकणारा संघ एकत्रच म्हातारा होतो. माजी कर्णधार ट्रेंट कॉचिन आणि जॅक रीवोल्ट २०२३ मध्ये निवृत्त झाले. तीन अजिंक्यपदे मिळवून देणारे प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांनी त्याच हंगामाच्या मध्यावर पद सोडले आणि पुढे गोल्ड कोस्ट क्लब गाठला. २०२४ मध्ये मार्टिनही थांबला. त्या वर्षी रिचमंडने २३ पैकी अवघे २ सामने जिंकले. शेवटच्या क्रमांकाला तिथे ‘लाकडी चमचा’ म्हणतात. तो २००७ नंतर पहिल्यांदा रिचमंडच्या वाट्याला आला.

पाठोपाठ शाय बोल्टन आणि लियम बेकर या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी घराकडे जायचे ठरवले. बोल्टन फ्रीमँटलकडे गेला, बेकर वेस्ट कोस्टकडे. डॅनियल रिओली हार्डविक यांच्या मागोमाग गोल्ड कोस्टला गेला. जॅक ग्रॅहमही वेस्ट कोस्टला गेला. चौघेही ऐन उमेदीतले. क्लबने त्यांना अडवण्याऐवजी चांगला मोबदला वसूल करण्यावर भर दिला. त्यामुळे ‘क्लबने संघ मोडला’ हे अर्धेच खरे. उरलेला अर्धा संघ खेळाडूंनीच मोडला होता.

पैसे देऊन खेळाडू का घेता येत नाहीत?

आयपीएलची सवय असलेल्यांना इथे थोडे थांबावे लागेल. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जेद्दामधल्या लिलावात लखनऊने ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले आणि तो त्यांचा झाला. एएफएलमध्ये असा लिलाव नाही आणि युरोपातल्या फुटबॉलसारखे हस्तांतर शुल्कही नाही. एका क्लबने दुसऱ्याला खेळाडूची किंमत रोख द्यायची सोयच नाही. देवाणघेवाण होते ती खेळाडूंची आणि ‘ड्राफ्ट’मधल्या पसंतीक्रमांकांची.

ड्राफ्ट दर नोव्हेंबरमध्ये होतो. देशभरातल्या कनिष्ठ स्पर्धांत खेळलेली, बहुतेक १८ वर्षांची मुले त्यात असतात आणि क्लब आळीपाळीने त्यांतून निवड करतात. जो संघ शेवटचा आला त्याला पहिली निवड, विजेत्याला सर्वांत शेवटची. १९८६ पासून ही पद्धत आहे. तिच्या जोडीला कडक वेतनमर्यादा आहे. २०२५ मध्ये ती प्रत्येक क्लबसाठी सुमारे पावणेदोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर होती, आणि त्यातले किमान ९५ टक्के खर्च करणेही बंधनकारक आहे. म्हणजे श्रीमंत क्लबला तारे विकत घेता येत नाहीत आणि गरीब क्लबला पैसे वाचवता येत नाहीत. चाळीस-बेचाळीस जणांची यादी त्या मर्यादेत बसवायची. एखाद्याला जास्त दिले, की दुसऱ्याचे कापावे लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूला सकाळी उठून कळते, की आपल्याला दुसऱ्या शहरात धाडले आहे. इथे करारबद्ध खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. निदान कागदावर तरी. २०२० मध्ये वेतनमर्यादेच्या कचाट्यात सापडलेल्या कॉलिंगवूडने अ‍ॅडम ट्रेलोअरचा करार २०२५ पर्यंत असतानाही त्याला दुसरीकडे जाण्यासाठी गळ घातली. त्याची जायची इच्छा नव्हती. अखेर तो वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला आणि त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवूडच पुढे भरत राहिले. संमती होती, पण ‘तू आम्हाला नको आहेस’ हे कळल्यावर दिलेल्या संमतीला किती अर्थ उरतो?

उलट, एकाच क्लबकडे आठ हंगाम काढलेल्या खेळाडूला करार संपल्यावर ‘फ्री एजंट’ म्हणून जाता येते. ही मुभा २०१२ पासून आहे. अशा वेळी नवा क्लब काहीच देत नाही. जुन्या क्लबला लीगकडून भरपाई म्हणून ड्राफ्टमधला एक क्रमांक मिळू शकतो, इतकेच. ऑक्टोबरमध्ये आधी फ्री एजंटांचे दार उघडते, मग सुमारे दहा दिवस अदलाबदलीचा बाजार चालतो. शेवटच्या तासाला तिथे जी धावपळ होते, तिच्यापुढे आपल्याकडचा उमेदवारी अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस शांत वाटावा.

रिचमंडच्या हाती काय आले?

रिओलीच्या बदल्यात गोल्ड कोस्टकडून ६ वा आणि २३ वा क्रमांक मिळाला. बोल्टनच्या व्यवहारातून १० वा, ११ वा आणि १८ वा. त्यासाठी रिचमंडलाही आपल्याकडचा एक क्रमांक जोडावा लागला. स्वतःचा पहिला होताच. असे करत नोव्हेंबर २०२४ च्या ड्राफ्टला हा क्लब पहिल्या २४ पैकी ८ क्रमांक घेऊन बसला. पहिल्या क्रमांकावर त्यांनी सॅम लॉलर या मधल्या फळीतल्या खेळाडूला निवडले. टाज हॉटन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत असतानाही पहिल्या फेरीत घेतला गेला. एक क्रमांक मात्र त्यांनी नॉर्थ मेलबर्नला देऊन टाकला आणि बदल्यात नॉर्थची पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड घेतली. म्हणजे नॉर्थ पुढच्या वर्षीही हरेल, अशी ती सरळसरळ पैज होती. नॉर्थ २०२५ मध्ये १६ वा आला आणि पैज लागली.

रिचमंडने २०२५ ची सुरुवात कार्लटनला धक्का देऊन केली. पण वर्षभरात विजय ५ आणि क्रमांक १७ वा. लॉलर दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होता. पुनर्बांधणीतल्या क्लबसाठी हे अपेक्षितच. वर्गणी भरून दर आठवड्याला मैदानावर येणाऱ्या सदस्यांनी ते किती वर्षे अपेक्षित धरायचे, एवढाच मुद्दा आहे.

हॉथॉर्न तीन वर्षांत कसा सावरला?

हॉथॉर्नने २०१३ ते २०१५ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली. २०१६ च्या अखेरीस, नुकताच क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या सॅम मिचेलला त्यांनी वेस्ट कोस्टकडे जाऊ दिले आणि जॉर्डन लुइसला मेलबर्नकडे. त्यांच्या जागी टॉम मिचेल आणि जेगर ओमेरा या तयार खेळाडूंना आणले. शिखरावरून खाली न उतरताच नवा संघ उभा करायचा हा बेत होता. तो फसला.

पुढे हाच सॅम मिचेल २०२२ पासून हॉथॉर्नचा प्रशिक्षक झाला. पहिल्याच हंगामानंतर क्लबने टॉम मिचेल, ओमेरा आणि अनुभवी गोलंदाज म्हणावा असा नेमबाज जॅक गन्स्टन या तिघांना निरोप दिला. त्यांचा मोबदला फार मोठा नव्हता, पण मधल्या फळीतली जागा रिकामी झाली. २०२३ मध्ये ७ विजय, १६ वा क्रमांक. टॉम मिचेलने त्याच वर्षी कॉलिंगवूडकडून अजिंक्यपद जिंकले, त्यामुळे टीका आणखी झोंबली. २०२४ मध्ये पहिले पाचही सामने गमावल्यावर तर क्लब संपला असेच अनेकांना वाटले. तिथून हॉथॉर्न सातव्या स्थानावर आला, बाद फेरीत एक सामना जिंकला आणि दुसरा अवघ्या तीन गुणांनी हरला. २०२५ मध्ये उपांत्य टप्प्यापर्यंत मजल गेली.

या यशाचे श्रेय बहुतेक वेळा वरच्या निवडींना दिले जाते. निक वॉटसन (२०२३ मध्ये पाचवा), जॉश वॉर्ड आणि कॅम मॅकेन्झी (दोघेही सातवे) हे त्यातले. मला मात्र खरे कसब दुसरीकडे दिसते. जाय न्यूकॉम्ब हा आज संघाचा कणा आहे. तो २०२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर होणाऱ्या छोट्या ड्राफ्टमधून आला, म्हणजे आदल्या नोव्हेंबरमध्ये अठराही क्लबांनी त्याला सोडून दिले होते. लॉइड मीक ओमेराच्या बदल्यात आला. जॅक गिनिव्हन, मॅसिमो डी’अ‍ॅम्ब्रोसिओ, मेबियर चोल हे इतर क्लबांना फारसे नको असलेले खेळाडू. जेम्स सिसिलीसारखा कर्णधार त्यांनी जाऊ दिला नाही. गन्स्टन तर वर्षभरात परत आला. पोरे बरी खेळू लागल्यावर मग जॉश बॅटल आणि टॉम बॅरस हे दोन तयार बचावपटू आणले.

नॉर्थ मेलबर्न का अडकला?

नॉर्थने २०१६ मध्ये तेव्हाचा विक्रमवीर ब्रेंट हार्वी (४३२ सामने) याच्यासह चार ज्येष्ठांना एकाच वेळी नारळ दिला. २०२० च्या अखेरीस तर एका झटक्यात ११ खेळाडू यादीतून कमी केले. प्रमुख आक्रमक बेन ब्राउनलाही दुसरा क्लब शोधायला सांगितले. तो मेलबर्नला गेला आणि वर्षभरात अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला. नॉर्थने २०२१ आणि २०२२ मध्ये लाकडी चमचा घेतला, पुढची दोन वर्षे १७ वे स्थान.

या काळात त्यांना निवडी मिळाल्या नाहीत असे नाही. २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस एकच हंगाम खेळून घराकडे, पोर्ट अ‍ॅडलेडला गेला. त्याच्या आणि पहिल्या क्रमांकाच्या बदल्यात झालेल्या मोठ्या व्यवहारातून हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ आले. शीझल २०२३ चा सर्वोत्तम नवोदित ठरला. लीगने त्या वर्षी नॉर्थला मदत म्हणून जादा निवडीही दिल्या. हॉथॉर्नला चार अजिंक्यपदे मिळवून देणारे अ‍ॅलिस्टर क्लार्कसन प्रशिक्षक म्हणून आले.

तरीही संघ उठला नाही, कारण २४ ते २८ वयोगटातला थरच शिल्लक नव्हता. वीस वर्षांच्या मुलाला तिशीतल्या धिप्पाड गड्यांशी भिडताना शेजारी कुणीतरी अनुभवी लागतो. तो नसला, की मुलगा प्रत्येक आठवड्याला साठ-सत्तर गुणांनी हरायला शिकतो. २०२४ च्या अखेरीस क्लबने ल्यूक पार्कर, केलेब डॅनियल, जॅक डार्लिंग अशा जुन्याजाणत्यांना आणले. चार वर्षांपूर्वी हेच केले असते तर, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांना आजही छळतो.

मग मुद्दाम हरायचे का?

हरण्याला बक्षीस असले, की संशय येतोच. मेलबर्न क्लबला २००९ च्या हंगामातल्या वर्तनाबद्दल २०१३ मध्ये ५ लाख डॉलरचा दंड झाला. गंमत अशी, की मुद्दाम हरल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, पण दंड झाला. पहिल्या निवडीसाठी अमेरिकेतल्या बास्केटबॉलप्रमाणे सोडत काढण्याची पद्धत एएफएलमध्ये नाही. शेवटचा तो पहिला.

शिवाय तळाच्या संघाचा हा हक्कही पूर्ण नसतो. वडिलांनी एखाद्या क्लबसाठी १०० सामने खेळले असतील, तर मुलावर त्या क्लबचा अग्रहक्क असतो. इतर कुणी त्याला निवडले, की खालचे क्रमांक गुणांच्या हिशेबाने मोजून तो क्लब त्याला घेतो. २०२२ मध्ये ब्रिस्बेनने विल अ‍ॅशक्रॉफ्टला असेच घेतले आणि नॉर्थच्या दुसऱ्या-तिसऱ्या निवडी तिसऱ्या-चौथ्या झाल्या. ब्रिस्बेनने २०२४ आणि २०२५ चे अजिंक्यपद जिंकले. दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम कोण? विल अ‍ॅशक्रॉफ्ट.

जिलाँगने तर पुनर्बांधणी कधी केलीच नाही. २०२० मध्ये जेरेमी कॅमेरॉनसाठी त्यांनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या, भविष्य गहाण टाकल्याची टीका ऐकली आणि २०२२ मध्ये तिशी ओलांडलेल्यांचा संघ घेऊन विजेते झाले.

रिचमंडचे पुढे काय?

टॉम लिंच, टोबी नँकर्विस, निक व्लास्टुइन अशी मोजकी जुनी मंडळी क्लबने राखली आहेत. नॉर्थची चूक टाळायची, हे त्यावरून दिसते. पण लिंच आणि नँकर्विस तिशीपार आहेत आणि मधला थर इथेही विरळच आहे. आणखी एक अडचण म्हणजे २०२८ मध्ये टास्मानियाचा १९ वा संघ लीगमध्ये येतो आहे. नव्या संघाला ड्राफ्टमध्ये सवलती मिळणार, त्यामुळे वरच्या निवडी दुर्मीळ होतील. शिवाय त्याला तयार खेळाडूही हवे असतील. त्या वर्षी रिचमंडची २०२४ ची मुले २१-२२ वर्षांची असतील.