नागरिक पट्टा रेडिओचा शलाका आकाशक

नागरिक पट्टा रेडिओचा शलाका आकाशक : सिटिझन्स बँड किंवा सीबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यातील घरगुती रेडिओ संचाची शक्ती एका इच्छित दिशेत एकवटणारा आणि त्याच दिशेकडून येणारे तरंग अधिक प्रमाणात ग्रहण करणारा आकाशक, म्हणजे अँटेना. साधा उभा आकाशक सर्व दिशांना सारखेच प्रेषण करतो. शलाका आकाशक मात्र दिव्यामागील आरशाप्रमाणे शक्तीचे वाटप बदलतो. तो नवी शक्ती निर्माण करीत नाही. त्यामुळे एका दिशेत मिळणारा लाभ इतर दिशांतील घटीतून आलेला असतो, ही गोष्ट त्याची उभारणी व दोषशोधन यांत सतत ध्यानात ठेवावी लागते.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९५८ मध्ये २७ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा सामान्य नागरिकांच्या अल्प अंतरावरील संभाषणासाठी खुला केला. प्रारंभी त्यात २३ चॅनेल होती. १९७३ मधील तेलटंचाईनंतर मालमोटारींचे चालक इंधनाची उपलब्धता व रस्त्यांची स्थिती एकमेकांना कळविण्यासाठी या रेडिओचा मोठ्या प्रमाणावर वापर करू लागले व तो घरोघरी पोहोचला. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेलांची संख्या ४० झाली आणि पट्टा २६.९६५ ते २७.४०५ मेगॅहर्ट्‌झ असा निश्चित झाला. १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अट रद्द करण्यात आली. परमप्रसर विरूपणात वाहक तरंगाची शक्ती मात्र ४ वॉटपुरतीच मर्यादित राहिली असून बाहेरून शक्तिवर्धक जोडण्यास मनाई आहे. म्हणून पल्ला वाढविण्यासाठी आकाशक सुधारणे हाच मुख्य वैध मार्ग उरतो.

रचना व तत्त्व : या कामासाठी बहुधा यागी-उदा आकाशक वापरतात. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा व हिडेत्सुगू यागी यांनी तो विकसित केला. उदा यांचा जपानी निबंध १९२६ मध्ये, तर यागी यांचा इंग्रजी निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन घटकांच्या आकाशकात एका मध्यदंडावर ॲल्युमिनियमच्या तीन समांतर नळ्या बसविलेल्या असतात. मधल्या पोषित घटकाला संचाकडून आलेली केबल जोडतात. त्याच्या मागील लांब घटकास परावर्तक व पुढील आखूड घटकास दिशादर्शक म्हणतात. या दोहोंना केबल जोडलेली नसते. पोषित घटकाच्या क्षेत्रामुळे त्यांत विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतात व त्यांच्यापासून निघणारे तरंग मूळ तरंगांशी पुढील बाजूस मिळतात आणि मागील बाजूस बहुतांशी परस्परांना निष्प्रभ करतात.

चॅनेल २० ची कंप्रता २७.२०५ मेगॅहर्ट्‌झ व तरंगलांबी सु. ११ मी. आहे. त्यामुळे पोषित घटक सु. ५.२ मी., परावर्तक त्याहून सु. ५ टक्के लांब व दिशादर्शक सु. ५ टक्के आखूड ठेवतात. दोन घटकांतील अंतर साधारणतः १.६ ते २.२ मी. असते. नळ्यांचा व्यास, त्यांचा निमुळतेपणा व मध्यदंडावर बसविण्याची पद्धत यांनुसार ही मापे थोडी बदलतात. असा आकाशक साध्या अर्धतरंग आकाशकापेक्षा पुढील दिशेत ५ ते ६ डेसिबेल लाभ देतो. म्हणजे ४ वॉट शक्तीचा परिणाम सु. १४ वॉट शक्तीसारखा होतो. मागील व बाजूंकडील नको असलेले संदेश दबले जातात, हा फायदाही तेवढाच महत्त्वाचा आहे.

उभारणी : प्रथम ध्रुवण ठरवावे लागते. मोटारींवरील आकाशक उभे असल्याने त्यांचे तरंग ऊर्ध्व ध्रुवित असतात. घरचा आकाशक आडव्या घटकांचा असल्यास जवळपासच्या संभाषणात सु. २० डेसिबेलपर्यंत घट होऊ शकते. ही घट शलाकेच्या सर्व लाभाहून कितीतरी अधिक आहे. म्हणून मोटारींशी बोलावयाचे असल्यास घटक उभे ठेवतात. त्या वेळी धातूचा खांब घटकांना समांतर येऊन त्यांच्या कार्यात व्यत्यय आणतो. यासाठी खांबाचा वरचा सु. ३ मी. भाग काचतंतूसारख्या अवाहक पदार्थाचा करतात व केबल घटकांशी काटकोनात मागे नेऊन मग खाली आणतात. आयनांबरावरून परावर्तित होऊन येणाऱ्या दूरच्या संदेशांचे ध्रुवण वाटेत बदलत असल्याने त्यांच्या बाबतीत हा भेद फारसा उरत नाही.

आडव्या घटकांचा आकाशक जमिनीपासून ५.५ मी. उंचीवर असताना त्याची मुख्य शलाका क्षितिजाच्या सु. ३० अंश वर, ११ मी. उंचीवर सु. १४ अंश वर व १८ मी. उंचीवर सु. ९ अंश वर असते. दूरच्या संभाषणास लहान कोन सोयीचा असल्यामुळे उंची शक्य तितकी अधिक ठेवतात. अमेरिकेतील नियमांनुसार आकाशकाचे सर्वोच्च टोक जमिनीपासून ६० फूट (सु. १८.३ मी.) किंवा तो ज्या इमारतीवर वा झाडावर बसविला असेल तिच्या वर २० फूट (सु. ६.१ मी.) यांपेक्षा उंच असता कामा नये. ताणतारा धातूच्या असल्यास मध्ये निरोधक घालून त्यांचे असमान तुकडे करतात, अन्यथा त्या अनुस्पंदित होऊन शलाकेचा आकार बिघडवितात. खांब व केबलचे वेष्टन यांचे भूसंपर्कन करतात.

केबलची निवड आकाशकाइतकीच महत्त्वाची आहे. सु. ५ मिमी. व्यासाच्या समाक्ष केबलच्या ३० मी. लांबीत सु. २ डेसिबेल, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक शक्ती नष्ट होते. सु. १० मिमी. व्यासाच्या केबलमध्ये ही हानी निम्म्याने कमी असते. आकाशकाजवळ केबलचे सु. २० सेंमी. व्यासाचे ५–६ वेढे घातल्यास वेष्टनाच्या बाहेरील पृष्ठभागावरून प्रवाह परत येणे कमी होते.

सुरक्षा : या उभारणीतील सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा आहे. आकाशक चढविताना वा उतरविताना तोल जाऊन त्याचा तारांना स्पर्श झाल्यास खांब धरणाऱ्या सर्वांचा तत्काळ मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेत अशा दुर्घटनांमुळे ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७८ मध्ये घरगुती आकाशक व त्यांचे खांब यांवर धोक्याची सूचना लावणे आणि सोबत सुरक्षित उभारणीची माहिती देणे सक्तीचे केले. १९८२ मध्ये आयोगाने सर्वदिशिक आकाशकांसाठी विद्युत् निरोधनाचे मानकही ठरविले. परंतु ते शलाका आकाशकांना लागू नाही. उघड्या ॲल्युमिनियमच्या घटकांना असे संरक्षण नसते, म्हणून जागेची निवड हेच त्यांचे संरक्षण होय. खांब व आकाशक मिळून होणाऱ्या लांबीच्या किमान दुपटीएवढे अंतर तारांपासून राखावे लागते. वारा, पाऊस वा विजांचा कडकडाट असताना काम करू नये आणि पडू लागलेला खांब धरून ठेवण्याचा प्रयत्न न करता सर्वांनी दूर व्हावे.

जुळणी : परावर्तक व दिशादर्शक जवळ असल्यामुळे पोषित घटकाचा संरोध सु. २० ते ३० ओहमपर्यंत खाली येतो, तर केबल व संच ५० ओहमचे असतात. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी बहुधा गॅमा जोडणी वापरतात. तीत पोषित घटकाला समांतर अशी आखूड दांडी, दोघांना जोडणारी सरकती पट्टी व दांडीच्या एकसरीत एक धारित्र असते. मेळ नसल्यास केबलमधून काही शक्ती परत येते. तिचे प्रमाण स्थिर तरंग गुणोत्तराने दर्शवितात. हे गुणोत्तर १.५ असताना ४ टक्के, २ असताना ११ टक्के व ३ असताना २५ टक्के शक्ती परावर्तित होते. नित्याच्या वापरास १.५ पर्यंतचे गुणोत्तर समाधानकारक असते. ते १ पर्यंत आणण्याने ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही.

प्रथम जुळणी आकाशक जमिनीजवळ असताना, परावर्तक खाली व दिशादर्शक वर अशा रीतीने त्याचा रोख आकाशाकडे करून केली जाते. मग चॅनेल १, २० व ४० यांवर मापन करतात. गुणोत्तर चॅनेल ४० वर चॅनेल १ पेक्षा अधिक असल्यास पोषित घटक लांब आहे असे समजून तो दोन्ही बाजूंनी सारखा आखूड करतात. उलट असल्यास लांब करतात. गुणोत्तर मध्यावर किमान असूनही जास्त राहत असेल, तर गॅमा जोडणीची पट्टी व धारित्र आळीपाळीने थोडेथोडे सरकवितात. प्रत्येक बदलाच्या वेळी प्रेषण बंद ठेवावे लागते, कारण प्रेषण चालू असताना घटकाच्या टोकाला हात लागल्यास भाजते.

दोषशोधन : बिघाड आढळताच आकाशकाची मापे बदलू नयेत. जो आकाशक काल नीट चालत होता, त्याच्या नळ्यांची लांबी एका रात्रीत बदललेली नसते. बदललेले असतात ते सांधे. म्हणून साखळी मध्ये तोडून दोष कोणत्या बाजूस आहे, हे ठरवितात. प्रथम संचाला आकाशकाऐवजी ५० ओहमचा कृत्रिम भार लावतात. तरीही गुणोत्तर जास्त दिसल्यास संच, मापक वा त्यांमधील लहान केबल यांत दोष असतो. ते १ च्या जवळ आल्यास कृत्रिम भार केबलच्या वरच्या टोकाला लावून पुन्हा मापन करतात. आता गुणोत्तर वाढल्यास दोष केबलमध्ये वा तिच्या जोडांत, अन्यथा आकाशकात असतो. केबल दोन्हीकडून सोडवून ओहममापकानेही तपासता येते : मधली तार व वेष्टन यांत रोध अनंत असला पाहिजे आणि दूरच्या टोकाला ती दोन्ही जोडल्यावर तो जवळजवळ शून्य झाला पाहिजे.

लक्षणांवरूनही पुष्कळ कळते. सर्व चॅनेलांवर गुणोत्तर एकाएकी फार वाढले, तर बहुधा जोडातील डाख सुटलेला असतो किंवा वेष्टनाचा तंतू मधल्या तारेला टेकलेला असतो. पावसानंतर ते वाढून उन्हात पूर्ववत् होत असेल, तर जोडात वा गॅमा धारित्रात पाणी शिरलेले असते. पाणी वेष्टनाच्या जाळीत दूरवर ओढले जात असल्याने अशी केबल वाळविण्यापेक्षा बदलणे इष्ट ठरते. वाऱ्याबरोबर काटा हलणे हे सैल पट्टीचे वा ॲल्युमिनियमच्या सांध्यात साचलेल्या ऑक्साइडाचे लक्षण होय. केबलला हात लावताच किंवा तिची लांबी बदलताच गुणोत्तर बदलत असेल, तर वेष्टनावरून प्रवाह परत येत असतो. गुणोत्तर चांगले असूनही मागून व पुढून येणारे संदेश सारखेच ऐकू येत असतील, तर परावर्तक सरकला आहे, निखळला आहे किंवा घटकांची अदलाबदल झाली आहे असे समजावे. खांबावरील पकड घसरल्यास नियंत्रकावरील दिशा व प्रत्यक्ष दिशा यांत अंतर पडते; अशा वेळी आकाशकात दोष नसूनही संदेश क्षीण येतात.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे जुन्या केबलसह मिळणारे चांगले गुणोत्तर. आकाशकाशी गुणोत्तर ३ असताना केबलची हानी २ डेसिबेल असल्यास परत येणारा तरंगही वाटेत क्षीण होतो व संचाजवळ ते २ हून कमी दिसते. केबल जितकी खराब, तितका मापक समाधानकारक भासतो. म्हणून केवळ या आकड्यावर विसंबून न राहता ठराविक अंतरावरील एखाद्या स्थिर केंद्राच्या संदेशाची तीव्रता उभारणीच्या दिवशी नोंदवून ठेवतात व पुढे तिच्याशी तुलना करतात. दूरचे संदेश या तुलनेस निरुपयोगी असतात, कारण सौर डागांच्या सु. ११ वर्षांच्या चक्रानुसार व दिवसाच्या वेळेनुसार आयनांबराची स्थिती बदलत असते.

मर्यादा : २७ मेगॅहर्ट्‌झ प्रेषणाची दुप्पट कंप्रता अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या चॅनेल २ च्या (५४ ते ६० मेगॅहर्ट्‌झ) पट्ट्यात येते. त्यामुळे सदृश प्रक्षेपणाच्या काळात शेजाऱ्यांच्या चित्रात व्यत्यय येण्याच्या तक्रारी सर्रास होत असत. शलाका शेजारच्या घराकडे वळविल्यास तो वाढे, तर संचापुढे नीचपारक छानक बसविल्यास कमी होई. पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे सदृश प्रक्षेपण तेथे जून २००९ मध्ये बंद झाले व बहुतेक केंद्रे उच्च कंप्रतांवर असल्याने हा प्रश्न बराच मागे पडला आहे.

भारतात २००५ च्या नियमांन्वये २६.९५७ ते २७.२८३ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमाल ५ वॉट शक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट मिळाली. परंतु ती अंगभूत आकाशक असलेल्या साधनांपुरती आहे. छपरावर उभारलेला शलाका आकाशक तीत बसत नाही. तथापि हीच तत्त्वे व दोषशोधनाचा हाच क्रम परवानाधारक हौशी रेडिओ चालकांच्या २८ मेगॅहर्ट्‌झवरील यागी आकाशकांनाही लागू पडतो. फक्त घटकांची मापे कंप्रतेच्या प्रमाणात कमी करावी लागतात.